भामाबाई आणि नवयुगचा कप

संक्रांतीचे दिवस सरत आले, की बरकतपुऱ्यात भामाबाईंच्या दारासमोर बुटांची रांग लागायची. नवयुग क्लबची बेसबॉलची टीम शहराच्या कपासाठी फायनलला पोचलेली असायची. फायनलच्या आधी टीमचा कॅप्टन, दोन-तीन खेळाडू आणि त्यांच्यातल्या एखाद्याची आई साडी, नारळ आणि ओटीचे तांदूळ घेऊन यायची. भामाबाई दार उघडून सगळ्यांना पाणी द्यायच्या. साडी पुढं व्हायची, मुलं वाकून पाया पडायची, आणि कॅप्टन जमिनीकडे बघत म्हणायचा, "काकू, ह्या वर्षी तरी लक्ष असू द्या."

"माझं लक्ष असून काय होणार रे बाबा," भामाबाई म्हणायच्या. "बॉलवर तुमचं असू द्या."

मुलं हसायची, पण ते हसू वरवरचं असायचं. मग ती जायची आणि रविवारी हरून यायची.

त्या साड्या भामाबाईंनी कधी नेसल्या नाहीत. घरकामाला येणाऱ्या गंगूला देऊन टाकायच्या. गंगू करीमनगरकडची, तिला नवयुगशी काही देणंघेणं नव्हतं. "अम्मा, मागच्या खेपेची फार पातळ होती, ह्या वेळेस जरा जाड सांगा," असं ती बिनदिक्कत म्हणायची. तिचे यजमान नवयुगच्याच मैदानाच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा गाडा लावायचे, आणि शाप उतरावा म्हणून दिलेल्या साडीतली गंगू दुपारी त्यांना डबा घेऊन जायची, तेव्हा क्लबचे जुने लोक नजर दुसरीकडे वळवायचे.

बेसबॉल हा काही ह्या शहराचा खेळ नव्हे. नारायणगुड्याच्या एका शाळेतले ड्रिलमास्तर कुठल्याशा शिबिराला पतियाळ्याला गेले, आणि येताना दोन बॅटी आणि चामड्याचे जाड हातमोजे घेऊन आले. क्रिकेटमध्ये ज्यांना कोणी घेत नव्हतं अशी पोरं त्यांच्याभोवती जमली. काही मराठी, काही तेलुगू, एक-दोघं काचीगुड्याच्या मुसलमान घरांतली. त्यातून नवयुग क्लब उभा राहिला. मुलं बेसबॉल खेळायची, मुली सॉफ्टबॉल. क्लबचे सेक्रेटरी होते वकील मुकुंदराव. त्यांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून वकिली. बोलणं मोजकं, आणि एकदा बोलले की विषय संपला.

भामा तेव्हा इंटरला होती. वडील नामदेवराव मूळचे देगलूरकडचे. शेती भावाच्या हवाली करून ते पाटबंधारे खात्यात नोकरीला लागले होते आणि बिऱ्हाड हैदराबादेत आणलं होतं. भामाचं लहानपण मात्र ज्वारीच्या रानात गेलं. कणसात दाणा भरला की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची, हे तिचं काम. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून गोल फिरवून बॉल सोडतो. ड्रिलमास्तरांनी ते एकदा करून दाखवलं आणि भामानं दुसऱ्याच चेंडूला कॅचरच्या हातमोज्याचा असा आवाज काढला, की शेजारी सराव करणारी मुलं वळून बघायला लागली. खेळाचे नियम तिला पुढं कितीतरी दिवस कळले नव्हते, पण तिचा बॉल कोणाला मारता येत नव्हता.

त्या हिवाळ्यात मुलांनी शहराचा कप जिंकला. मुलींची टीमही उपांत्य सामन्यापर्यंत पोचली होती. शाळेच्या हॉलमध्ये सत्कार झाला. टेबलावर झेंडूचा हार घातलेला कप, समोर खुर्च्यांवर आईबाप, मागं सतरंजीवर मुली. सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर मुकुंदरावांनी शेवटी सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून मुलींची टीम बंद. मैदान संध्याकाळचं दोनच तास मिळतं, ते मुलांना पुरत नाही. शिवाय मुली तयार होतात तोवर त्यांची लग्नं ठरतात, मग मेहनत कोणाच्या घरी जाते?

खुर्च्यांवरचे लोक हसले. भामा उठली आणि सरळ टेबलापाशी गेली.

"वकीलसाहेब, आमच्या हातातला बॉल काढून घेता," ती म्हणाली, "मग तुमच्या हातात हा कप तरी कसा राहील? नाही राहायचा. बघा तुम्ही."

इतकंच. आवाजही तिनं फार चढवला नव्हता. मग ती चपला घालून घरी गेली. नामदेवरावांना हे दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. त्यांनी तिला रागावलं नाही, मारलं नाही. फक्त देगलूरला भावाला सांगितलं, की स्थळं बघायला लाग.

शिवराज उदगीरकडचे. आबिड्सजवळ ट्रूप बाजारात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. माणूस गमत्या आणि मनानं मोकळा. लग्नानंतर त्यांनी बिऱ्हाड केलं तेही बरकतपुऱ्यातच, मैदानाच्या मागच्या गल्लीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसायचं नाही, पण बॅटवर बॉल बसल्याचा आवाज यायचा. भामाबाई पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. कोणता फटका लांब जाणार आणि कोणता हवेतच झेलला जाणार, ते आवाजावरून कळायचं, आणि काही दिवसांनी त्यांनी त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी नवयुग फायनलला हरलं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा हरलं. एकदा तर हातात आलेला सामना गेला. शेजारच्या फंक्शन हॉलमधून वरात निघाली होती, बॉल उडून वरातीत पडला, बँडवाल्यानं तो उचलून काखेत धरला आणि वाजवत पुढं निघाला. नवयुगचा पोऱ्या नाचणाऱ्यांमधून बॉल शोधत फिरतो आहे आणि इकडे समोरच्या टीमचे खेळाडू एकेक करून होमप्लेटला पोचून रन काढताहेत. अंपायरनं तो खेळ ग्राह्य धरला. त्यानंतर एका वर्षी कॅचरला कावीळ झाली, एका वर्षी कॅप्टनचा साखरपुडा नेमका त्याच दिवशी निघाला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "त्या पोरीनं बोलून ठेवलंय."

हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते कोणालाच सांगता येत नाही. पण एकदा निघालेली गोष्ट थांबत नाही. कोणी म्हणालं, त्या दिवशी तिचे केस मोकळे होते. कोणी सांगितलं, तिच्या माहेरी माहूरच्या रेणुकेचं ठाणं आहे आणि बोलताना तिच्या अंगात आलं होतं. काहींनी तिला मैदानातली मूठभर माती उचलून कपावर टाकताना डोळ्यांनी पाहिलं होतं. सत्कार हॉलमध्ये झाला होता आणि तिथं फरशी होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भामाबाईंच्या कानावर हे भाजीवालीकडून आलं. त्या आधी हसल्या. मग त्यांना राग आला.

"अहो, लोक काय वाट्टेल ते बोलतात," त्यांनी शिवराजांना सांगितलं.

"मी दुकानात सांगून टाकतो," शिवराज म्हणाले. "इतकी वर्षं झाली, भाजी खारट आहे म्हटलं तरी हिनं मला घरात शाप दिला नाही. बाहेरच्यांना कुठून देणार?"

पण खरं सांगायचं तर, काही काळानं भामाबाईंना ते आवडायलाही लागलं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, तेव्हा गल्लीत हंड्यांवरून भांडणं व्हायची. भामाबाई आल्या की बायका आपले हंडे बाजूला सारायच्या. मराठी मंडळाच्या गणपतीत हळदीकुंकवाचं पहिलं बोट त्यांच्या कपाळाला लागायचं, मोठमोठ्या घरच्या बायका बाजूला थांबायच्या. देगलूरच्या शेतकऱ्याची मुलगी म्हणून त्यांना हा मान कधी मिळाला नसता. असला काही शाप नाही, असं त्या विचारणाऱ्याला सांगायच्या. न विचारणाऱ्याला आपण होऊन सांगायला जात नसत. आणि टँकरखाली हंडा पुढं सरकवत.

ह्याची किंमत त्यांच्या मुलानं दिली.

विकासला बेसबॉलचं वेड होतं. क्लबला तो घ्यावा की नाही कळेना. काहींचं म्हणणं, घरचाच मुलगा टीममध्ये असला तर शाप लागणार नाही. काहींचं म्हणणं, विस्तव खिशात कशाला घालून घ्यायचा? पण मुलगा इतका चांगला खेळायचा, की शेवटी घेतला. वर्षभर तो खेळला. फायनलच्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, नवा टीशर्ट घालून निघाला, आणि तासाभरात परत आला.

"काय झालं रे?"

"बसवलं मला बाहेर." त्यानं बूट काढले आणि भिंतीशी ठेवले. "कोच म्हणाले, फायनलला रिस्क नको."

भामाबाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"आई, तू एकदा जा ना तिथं. सगळ्यांसमोर म्हण, घेतला मागे. तुझं काय जातं?"

"जे दिलंच नाही ते मागे कसं घेऊ?"

"हौ, तू बरोबर. सगळे चूक," विकास म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

नवयुग त्याही दिवशी हरलं. विकासनं पुन्हा बॅट हातात घेतली नाही. शिकला, पुण्याला कंपनीत लागला, लग्न केलं. आईशी तो नीट वागायचा, दर रविवारी फोन करायचा. पण त्या सकाळबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. भामाबाईंना मात्र तेव्हापासून टँकरपाशी पुढं जाण्यात गोडी राहिली नाही. त्या रांगेत मागं उभ्या राहायला लागल्या. बायका तरी त्यांना पुढं ढकलायच्याच.

वर्षं गेली. राज्य दुभंगलं, गल्लीत अपार्टमेंटं उठली, नळाला पाणी यायला लागलं. नवयुगची सेक्रेटरीपदाची खुर्ची मुकुंदरावांच्या नातवाकडे, कौस्तुभकडे आली. कौस्तुभ गच्चीबावलीत नोकरी करणारा, सुट्टीच्या दिवशी क्लब बघणारा. शापाची गोष्ट त्यानं मोबाईलवर टाकली आणि ती एवढी पसरली, की सामन्यांना कधी नव्हे ती गर्दी व्हायला लागली. नवयुग ह्या वेळेस कसं हरतंय ते बघायला लोक यायचे.

त्या वर्षी तो साडी-नारळाबरोबर मिठाईचा डबाही घेऊन आला.

"काकू, ह्या वेळी वेगळं करू या," तो म्हणाला. "फायनलच्या आधी, मैदानावर, सगळ्यांसमोर. गुरुजी असतील, माईक असेल. तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं, 'मी शाप मागे घेते.' बस. विषयच खतम."

"तुझा विश्वास आहे ह्याच्यावर?"

"माझा नाहीये हो. पण पोट्ट्यांचा आहे ना. शेवटच्या इनिंगला त्यांचे हात थरथरतात, ते मी बघतो."

शिवराज आतून म्हणाले, "जाऊन ये भामा. एवढी वर्षं साड्या घेतल्यास, एक वाक्य देऊन टाक."

भामाबाईंनी विचार करायला वेळ मागितला नाही. "येते," म्हणाल्या. त्यांना विकासचं वाक्य आठवलं होतं. काय जातं? खरंच काही जात नव्हतं. बोलून मोकळं व्हावं, असंच त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी मैदानावर मांडव होता. गुरुजींनी नारळ फोडला, थोडं स्तोत्र म्हटलं. खेळाडू ओळीनं उभे, हेल्मेट हातात. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीवर मुकुंदराव बसले होते, अंगावर शाल, हातात काठी. भामाबाईंनी त्यांना कितीतरी वर्षांनी पाहिलं. पार वाळून गेले होते, पण मान तशीच ताठ.

कौस्तुभनं माईक दिला. भामाबाईंनी समोर बघितलं. मोबाईल वर झाले होते. वाक्य जिभेवर तयार होतं. आणि ते ओठावर येता येता त्यांच्या लक्षात आलं, की 'मागे घेते' म्हटलं की 'दिला होता' हे कायमचं खरं होणार. केस मोकळे, अंगात आलं, माती टाकली, सगळं खरं. फायनलच्या सकाळी एका मुलाला घरी पाठवलं, तेही बरोबरच ठरणार.

"मी शाप दिला नव्हता," त्या म्हणाल्या. माईक कुरकुरला, त्या थांबल्या. "मला देता येत नाही. आमची टीम बंद केली, मला राग आला, मी बोलले. एवढंच झालं. सगळे चांगलं खेळा. पण तो राग खरा होता. तो काही मी मागे घेत नाही."

गुरुजींनी घसा खाकरला. मग मागून थोड्या टाळ्या आल्या आणि लगेच थांबल्या. कौस्तुभ माईक परत घेताना हळूच म्हणाला, "काकू, एकच वाक्य होतं ना."

त्या खाली उतरल्या, तेव्हा मुकुंदरावांनी काठी आडवी धरली.

"बस इथं," ते म्हणाले. भामाबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "शाप-बिप मी कधी मानला नाही. पहिल्यापासून सांगत आलो, पोरं घाबरट आहेत म्हणून हरतात."

"मला माहीत आहे."

"तुझा हात चांगला होता. पण निर्णय माझा बरोबरच होता. आज विचारलं तरी तोच घेईन. मैदान दोनच तास मिळत होतं."

"तुम्ही काही बदलला नाहीत, वकीलसाहेब."

"तू तरी कुठं?" मुकुंदराव म्हणाले.

भामाबाईंना हसू आलं. त्या एवढ्या गर्दीत त्यांना न घाबरणारा हा एकच माणूस होता, आणि त्याच्या शेजारी बसायला त्यांना बरं वाटत होतं. माफीची वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि आता मिळाली असती तरी तिचं काय करायचं ते त्यांना कळलं नसतं. दोघांनी सामना शेवटपर्यंत पाहिला. शेवटच्या इनिंगला नवयुगच्या पिचरचा हात खरंच थरथरला. नवयुग हरलं. मुकुंदराव म्हणाले, "पाहिलंस? घाबरट."

बरकतपुऱ्यात मात्र सगळ्यांचं एकमत झालं: बाईनं मागे घेतला नाही, म्हणून हरले.

संध्याकाळी विकासचा फोन आला. रविवार होता, तो येणारच होता.

"व्हिडिओ बघितला मी," तो म्हणाला.

"हं."

"हे तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा मला माईक कोणी दिला होता?"

विकास म्हणाला, "मला एकट्याला सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"हो," भामाबाई म्हणाल्या. "ते चुकलंच माझं."

मग त्यानं वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि सून फोनवर आली. पण त्या दिवसापासून विकास मधूनमधून बुधवारीही फोन करायला लागला. क्वचित बेसबॉलबद्दल बोलायचा, कुठल्या तरी परदेशी सामन्याबद्दल. भामाबाईंना त्यातलं फारसं कळत नसे, त्या ऐकून घेत.

पुढल्या संक्रांतीला क्लबमधून कोणी आलं नाही. रागावले होते, किंवा लाजले होते. गंगूनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. मुकुंदराव पावसाळ्यातच गेले होते. फायनलच्या दिवशी भामाबाई आणि शिवराज पुण्याला होते, नातीच्या बारशाला. दुपारी पंगत उठत असताना विकासनं मोबाईल पुढं केला. नवयुगनं कप जिंकला होता. कौस्तुभ मुलांच्या खांद्यावर होता आणि तोंड उघडं टाकून ओरडत होता.

"बरं झालं," भामाबाई म्हणाल्या, आणि पानं उचलायला वळल्या. त्यांना आनंद झाला होता. त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, त्याला त्यांनी नाव दिलं नाही.

परत आल्यावर कळलं, की शापाची मुदत संपली होती असं आता लोक म्हणतात. काहींच्या मते वकीलसाहेब गेले तेव्हा तो सुटला, काहींच्या मते बाईच आता थकल्या. गणपतीत हळदीकुंकवाला पहिलं बोट एका डॉक्टरीणबाईंना लागलं. भामाबाईंचा नंबर बराच मागं आला. त्यांच्या बाजूला उभी असलेली नवी भाडेकरू मुलगी म्हणाली, "तुम्ही इथंच राहता का? कधी बघितलं नाही तुम्हाला." भामाबाईंनी आपलं नाव सांगितलं. मुलीला ते माहीत नव्हतं. तिनं आपल्या बाळाच्या दातांबद्दल विचारलं, आणि भामाबाईंनी बराच वेळ तिला सांगितलं.

थंडी पडायला लागल्यावर एका सकाळी त्या दही घेऊन येताना मैदानातून गेल्या. सराव चालला होता. कडेची पायरी उन्हात होती, म्हणून बसल्या. थोड्या वेळानं नवयुगचा टीशर्ट आणि हेल्मेट घातलेली एक मुलगी धावत आली.

"आंटी, जरा उधर बैठो ना. बॉल सीधा इधरिच आती."

"हौ, बैठती," भामाबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि पाण्याच्या टाकीच्या बाजूला, जाळीमागं जाऊन बसल्या. तिथं ऊन नव्हतं, पण दिसत चांगलं होतं. दोन-चार जणांची बॅटिंग त्यांनी पाहिली. मग गॅसवाला यायची वेळ झाली, तेव्हा दह्याची पिशवी उचलून घरी गेल्या.